६०,००० युनिटची पुडी: व्हिटॅमिनचा ‘मोठा डोस’ किती जण घेतात?

देगलूरच्या एखाद्या मेडिकलवर ‘ताकदीची गोळी’ मागितली की बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल, व्हिटॅमिन सीची चघळायची गोळी किंवा दुधातून घ्यायची व्हिटॅमिन डीची पुडी, यातलं काहीही हातात पडू शकतं. जपायचं ते पुडीला. तिच्यात ६०,००० युनिट असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांची रोजची गरज आहे ६०० युनिट. म्हणजे एका पुडीत १०० दिवसांचा माल! म्हणूनच डॉक्टर ती आठवड्यातून एकदा आणि साधारण ८ आठवडेच देतात.

अमेरिकेत रोज ४,००० युनिट ही प्रौढांसाठी वरची मर्यादा मानतात. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत २०१३-१४ मध्ये तेवढा किंवा त्याहून मोठा डोस सप्लिमेंटमधून घेणारे सुमारे ३ टक्के प्रौढ निघाले. आपली आठवड्याची एक पुडी रोजच्या हिशोबात साडेआठ हजारांच्या वर जाते. त्या मापाने आपल्याकडे कोर्स चालू असलेला प्रत्येक जण मोठ्या डोसवालाच.

कमतरता खोटी नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी आढळलं होतं. डीचंही तसंच, ऊन भरपूर असूनही. तेव्हा गरज असलेल्याने कोर्स घ्यावाच.

घोटाळा होतो तो पुढे. आठवड्याची पुडी कुणी रोज घेतो. कुणाचा कोर्स संपतच नाही. देगलूरचे डॉक्टर एक नाव लिहून देतात, नांदेडचे दुसरं. कॅल्शियमच्या गोळीतही डी असतं, आणि आत औषध एकच आहे हे घरात कुणाच्या लक्षात येत नाही.

जास्तीचं डी लघवीवाटे निघून जात नाही, ते चरबीत साठतं. रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, उलट्या. पुढे गोंधळल्यासारखं होणं आणि किडनीला इजा. पण सुरुवात बऱ्याचदा थकव्याने होते आणि थकवा आला म्हणून माणूस आणखी एक पुडी फोडतो.

बी गटाचं बरंचसं जास्तीचं लघवीतून जातं. गोळीनंतर लघवी पिवळीधमक होते ती बी-२ मुळे. (‘ताकदीच्या सलाईन’चा पिवळा रंगही बहुधा त्याचाच.) अपवाद बी-६ चा. मोठा डोस महिनोन् महिने चालला तर नसांना इजा होऊन पायांना मुंग्या येतात, आणि मुंग्यांसाठीच तर ही गोळी सुरू केलेली असते.

पुड्या चालू असताना अशी लक्षणं दिसली तर त्या थांबवून, सगळ्या रिकाम्या पाकिटांसह डॉक्टरांना दाखवावं. रक्तातलं कॅल्शियम आणि डी दोन्ही तपासता येतं. पुडी थांबवली तरी साठलेलं डी उतरायला आठवडे, कधी महिने लागतात.