निळ्या पाण्याची निगा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चार दिवस पंप बंद राहिला, वर कडक ऊन असले आणि औषधाची मात्रा चुकली, की घरच्या पोहण्याच्या तलावाचे निळे पाणी हिरवे होते. पायऱ्या बुळबुळीत होतात, तळ दिसेनासा होतो. मालक म्हणतो, ‘पाणी बिघडले.’ खरे म्हणजे शेवाळाची सूक्ष्म बीजे वाऱ्याबरोबर आणि पावसाबरोबर रोजच पाण्यात पडत असतात. ऊन, ऊब आणि थोडे खाद्य मिळाले की ती वाढतात. त्यांना अटकाव कसा करायचा, हे माणूस गेल्या सव्वाशे वर्षांत टप्प्याटप्प्याने शिकला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेतल्या पोहण्याच्या तलावांत साधी रीत होती. तलाव भरायचा, काही दिवस वापरायचा, मग सगळे पाणी सोडून देऊन तळ घासायचा. आपल्याकडे विहिरीचा उपसा करतात, तसाच हा प्रकार. पण त्यात पाणी फार जाई आणि शेवाळ पुन्हा येई.

पहिले औषध निघाले ते तांब्यातून. कार्ल फॉन नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले, की पाण्यात तांब्याचा अगदी सूक्ष्म अंश उतरला तरी स्पायरोगायरा हे शेवाळ मरते. त्याचे हे संशोधन त्याच्या मृत्यूनंतर, 1893 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे 1904 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातील जॉर्ज मूर आणि कार्ल केलरमन यांनी शहरांच्या जलाशयांसाठी याच गुणाचा उपयोग सुचवला. रीत मोठी गमतीची होती. मोरचुदाचे खडे गोणपाटात बांधायचे, ते होडीला लटकवायचे आणि होडी जलाशयभर वल्हवत न्यायची. दहा लाख भाग पाण्याला एखादा भाग मोरचूद, किंवा त्याहूनही कमी, पुरे होई. हे तेच मोरचूद, जे चुन्याबरोबर कालवून आपले द्राक्ष बागायतदार बोर्डो मिश्रण करतात.

मोरचूद मग पोहण्याच्या तलावांतही आले. मात्र त्याचे उपद्रवही दिसले. मात्रा वाढली की तलावाच्या भिंतींवर डाग पडतात आणि सोनेरी केसांवर हिरवी झाक येते. या हिरव्या केसांचा दोष लोक क्लोरिनला देतात. खरा दोषी असतो पाण्यातला तांब्याचा अंश.

क्लोरिनची कथा निराळी. 1908 मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पिण्याच्या पाण्यात तो नियमितपणे घालायला सुरुवात झाली. रोगजंतू मारणे हा तिथला हेतू. 1910 च्या सुमारास ब्राउन विद्यापीठाच्या पोहण्याच्या तलावातही तो वापरून पाहण्यात आला. क्लोरिन जंतूंबरोबर शेवाळालाही आवरतो, हे कळल्यावर तो सगळ्या तलावांचा सोबती झाला.

सार्वजनिक तलावाला देखरेखीसाठी माणसे असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र कॅलिफोर्नियासारख्या उन्हाळी प्रांतात मध्यमवर्गीयांच्या परसदारी तलाव आले आणि मालकच रखवालदार झाला. तिथे नवी अडचण उभी राहिली. सकाळी घातलेला क्लोरिन दुपारपर्यंत ऊनच खाऊन टाकी. 1950 च्या दशकाच्या अखेरीस यावर सायन्युरिक आम्लाचा उपाय आला. हे आम्ल क्लोरिनला उन्हात छत्रीसारखे जपते. पण छत्री फार मोठी झाली तर क्लोरिन तिच्याखालीच अडकतो आणि कामाला येत नाही. पाण्याचा सामू म्हणजे पीएच वाढला तरी असेच होते. साडेसातला क्लोरिनचा जवळजवळ निम्मा भाग जोमाने काम करतो. आठला जेमतेम पाव.

म्हणजे औषधे सापडली, तरी लक्ष ठेवणारा माणूस लागतोच. तो निघून गेला तर काय होते, हे 2007 मध्ये कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड शहराने पाहिले. गृहकर्जाचे हप्ते थकले, घरे रिकामी पडली, पंप बंद झाले. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत परसदारचे तलाव हिरवे दिसू लागले. त्या पाण्यात डासांची पैदास झाली. बेकर्सफील्ड ज्या केर्न परगण्यात येते, तिथे त्या वर्षी वेस्ट नाईल तापाचे रुग्ण 276 टक्क्यांनी वाढले. संशोधकांनी त्या वाढीचा संबंध या बेवारस तलावांशी जोडला. कर्ज एकाचे थकले आणि ताप शेजाऱ्याला आला.

माणूस हजर असूनही चूक होऊ शकते. 2016 मध्ये रिओच्या ऑलिम्पिकमध्ये उड्या मारण्याच्या स्पर्धेचा तलाव जगाच्या डोळ्यांदेखत हिरवा झाला. दुसऱ्याच दिवशी शेजारचा तलावही. 5 ऑगस्टला दोन्ही तलावांत मिळून 160 लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले गेले होते आणि त्याने क्लोरिनच निकामी केला, असा खुलासा आयोजकांनी केला. पाणी शुद्ध करायला घातलेल्या औषधाने पाण्याचा राखणदारच नाहीसा केला! अखेर एका तलावाचे सगळे पाणी बदलावे लागले.

लोणावळा, कर्जत, अलिबागकडच्या बंगल्यांतही आता घरचे तलाव आहेत. त्यांच्या मालकांसाठी या इतिहासाचे सार फार सोपे आहे. पाणी हिरवे झाले तर आधी पोहणे थांबवावे, कारण गढूळ पाण्यात तळाशी गेलेले मूल काठावरून दिसत नाही. भिंती आणि तळ ब्रशने घासावेत, सामू तपासून ठीक करावा, क्लोरिनची वाढीव मात्रा ऊन उतरल्यावर द्यावी आणि पाणी नितळ होईपर्यंत गाळणी चालू ठेवावी. क्लोरिनची दोन निरनिराळी औषधे कधीही एकत्र करू नयेत. त्यांचा भडका उडू शकतो. आणि बंगला महिनोन्‌महिने बंद राहणार असेल, तर तलावाची जबाबदारी कोणावर तरी सोपवूनच कुलूप लावावे. कारण आपण नसलो, तरी शेवाळ आणि डास यायचे थांबत नाहीत.