गांजा परवडला, थाप नको

मागच्या शुक्रवारी रात्री एका मित्राचा फोन आला. मूळचा नाशिकचा, आता अमेरिकन नागरिक. सिक्युरिटी क्लिअरन्सचा फॉर्म भरत होता.

"अरे, गेल्या सात वर्षांत ड्रग्ज घेतलीत का विचारलंय. चार वर्षांपूर्वी कोलोरॅडोच्या ट्रिपमध्ये दोनदा गांजा ओढला होता. तिथे तर कायदेशीर आहे! सरळ 'नाही' लिहू? कोणाला कळणारे?"

म्हटलं, थांब, आधी ओपेनहायमरची गोष्ट ऐक.

एप्रिल १९५३ मध्ये आयझेनहॉवरने आदेश क्रमांक १०४५० काढला. सरकारी नोकरीत कोण धोक्याचं, याची त्यात यादी होती. अतिरेकी मद्यपान आणि ड्रग्जचं व्यसन त्यात होतंच, पण मुद्दाम खोटं सांगणं आणि महत्त्वाची माहिती दडवणं हेही होतं. (याच आदेशाच्या जोरावर असंख्य समलिंगी कर्मचाऱ्यांना घरी बसवलं गेलं. म्हणजे यादी काही पवित्र नव्हती.)

पुढच्याच वर्षी ओपेनहायमरची चौकशी झाली. १९४३ साली शेव्हालिए नावाच्या मित्राने त्याच्या कानावर घातलं होतं, की रशियाकडे माहिती पोचवायची सोय आहे. ओपेनहायमरने साफ नकार दिला. इथवर सगळं ठीक. पण नंतर सुरक्षा अधिकाऱ्याला सांगताना मित्राचं नाव लपवण्यासाठी त्याने तीन माणसांची कहाणी रचली. अकरा वर्षांनी चौकशीत ती थाप कबूल करताना 'मी मूर्ख होतो' एवढंच कारण त्याला देता आलं. २९ जून १९५४ ला अणुऊर्जा आयोगाने ४ विरुद्ध १ मतांनी क्लिअरन्स नाकारला. यात राजकारण भरपूर होतं. २०२२ मध्ये अमेरिकन सरकारने तो निर्णयच रद्द ठरवला. पण विरोधकांच्या हातात काठी दिली ती त्या थापेनेच.

आजचे नियम २०१७ पासूनचे. एकूण तेरा निकष. ड्रग्ज हा एक, वैयक्तिक वर्तन म्हणजे प्रामाणिकपणा हा दुसरा. राज्यात कायदेशीर असलं तरी फॉर्मवर केंद्राचा कायदा धरायचा, त्यामुळे कोलोरॅडोचा युक्तिवाद बाद. पण जुन्या ड्रग्जच्या बाबतीत काळ हे औषध आहे. किती वेळा, कधी, पुन्हा घेणार का, हे सगळं बघतात. फॉर्मवर खोटं लिहिलं तर तो आजचा गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैद. आणि तपासनीस मित्रांना, शेजाऱ्यांना विचारतातच. त्या ट्रिपला गाडीत चौघं होते!

"ते ठीक रे," तो म्हणाला, "पण घरी आई-बाबांना माहीत नाही."

मी म्हटलं, बाबा रे, खरी मेख इथेच आहे! जे तू घरच्यांपासून लपवतोस, त्याचीच भीती घालून उद्या कोणी तुला वाकवू शकतं. नियमांतही हेच लिहिलंय.

पलीकडे बराच वेळ शांतता.

रविवारी त्याचा मेसेज आला. फॉर्मवर 'हो' लिहिलं होतं. त्याआधी नाशिकला फोनही केला होता. बाबा दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता ओढत नाहीस ना?"

क्लिअरन्सचा निकाल यायला अजून महिने लागतील. मिळेल की नाही, देव जाणे. पण त्याचा आवाज मात्र हलका झालाय.