बर्फ नाही, पण शाळा सुटते

काश्मीरमध्ये बर्फ पडला की शाळांना हिवाळी सुट्टी लागते. सरकार तारखा जाहीर करतं, मास्तर फळ्यावर लिहितात, पोरं खूश. आपल्या भांडगाव-यवत-पाटस पट्ट्यात थंडीत फार तर शेकोट्या पेटतात आणि परिपाठ उन्हाच्या तिरिपेत होतो. तरी आपल्याकडेही दर हिवाळ्यात काही मुलांची शाळा चार-पाच महिने बंद असते. ती मात्र कुणी जाहीर करत नाही.

हे आजचं नाही. १८७६-७८ चा दुष्काळ घ्या. दौंड तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. पिंपळगावजवळचा माटोबा तलाव आपण रोज बघतो, तो त्या दुष्काळातल्या सरकारी कामावरच सुरू झाला. दौंड-मनमाड रेल्वेच्या मातीकामावरही दुष्काळी मजूरच होते. या कामांवर मजुरीचे दर तीन होते: पुरुष, बाई आणि मूल. म्हणजे मुलाचा दर सरकारी कागदावर ठरलेला होता. शाळेच्या हजेरीपटावर त्याचं नाव असो की नसो, माती वाहणाऱ्यांच्या हजेरीत ते होतं! त्याच काळात फुले दांपत्य आणि सत्यशोधक मंडळी पुण्याजवळ धनकवडीला बालाश्रम काढून दुष्काळातल्या पोरांना जेवू घालत होती. उपाशी पोर शाळेत बसत नाही, हे त्यांना कळलं होतं. शिजवलेली खिचडी सक्तीने शाळेत यायला मात्र २००१ चा सुप्रीम कोर्टाचा आदेश लागला.

मग प्लेग. १८९६ ला मुंबईत, १८९७ ला पुण्यात. लोक गाव सोडून रानात झोपड्या टाकून राहिले. रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्याच वर्षी इंग्रजांनी साथरोग कायदा केला, आणि मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी आपल्या सरकारने तोच १२३ वर्षं जुना कायदा बाहेर काढला. शाळा बंद झाल्या. तेव्हा केवढी चर्चा झाली आठवा: मोबाईल, नेटवर्क, ऑनलाईन तास, मुलांचं नुकसान. कारण तेव्हा सगळ्यांचीच मुलं घरी होती, माझी आणि तुमचीसुद्धा.

आता फडावर या. दिवाळी झाली की बीड, पाथर्डी, चाळीसगावकडून टोळ्या येतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पोरं मागे कुणाकडे ठेवायची? म्हणून बरोबर आणतात. मोठी बहीण धाकट्याला सांभाळते, थोडा मोठा पोरगा मोळ्या उचलतो. पहाटेच्या गारठ्यात ऊसतोड सुरू होते, तेव्हा ही पोरं पाचटाच्या जाळाशी बसलेली असतात. टोळी परत जाते तोवर मार्च-एप्रिल येतो, म्हणजे तिकडच्या शाळेची परीक्षा तोंडावर. आपल्या गुऱ्हाळांवरही उत्तर प्रदेशातली कुटुंबं असतात, त्यांच्या पोरांचं तर भाषेपासूनच अडतं.

उपाय झाले नाहीत असं नाही. कारखान्यांच्या तळावर साखरशाळा निघाल्या. शिक्षण हक्क कायदा २००९ ला आला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मग वेगळ्या शाळा नकोत, जवळच्या नेहमीच्या शाळेतच दाखल करा, असं धोरण ठरलं. तिकडे गावाकडे हंगामी वसतिगृहं, इकडे शिक्षण हमी कार्ड. कागदावर सगळं बरोबर आहे. पण टोळी एका फडावर किती दिवस थांबेल हे मुकादमालाच ठाऊक नसतं, आणि झेडपीच्या शाळेत आधीच दोन शिक्षक चार वर्ग सांभाळत असतील तर फडावर मुलं शोधायला जाणार कोण? मला विचाराल तर हे काम एकट्या मास्तरांवर टाकणं हाच पळपुटेपणा आहे. ऊस आपला, फड आपल्या रानात. बागायतदाराला टोळीत किती कोयते आहेत हे तोंडपाठ असतं. पोरं किती, हे तो मोजत नाही.

बालरक्षक म्हणून फिरणारे काही शिक्षक आहेत, त्यांना मानलंच पाहिजे.

तर मंडळी, तुमच्या शिवारात सध्या तोड चालू असेल तर उद्या एक चक्कर मारा. सहा ते चौदा वयाची किती मुलं दिसतात, आकडा आणि गावाचं नाव मला कळवा, मुलांची नावं किंवा फोटो नकोत. आठ दिवसांत जमेल तेवढी यादी शाळा व्यवस्थापन समित्यांना आणि पंचायत समितीच्या शिक्षण विभागाला लेखी देतो, पोच घेऊन.