‘बिनाइट’ : वाटेत गाठणारी रात्र

इंग्रजीतील ‘बिनाइट’ हे क्रियापद आता व्यवहारातून जवळजवळ लोपले आहे. रात्र या अर्थाच्या ‘नाइट’ या नामाला ‘बि’ हा उपसर्ग लागून ते सोळाव्या शतकात रूढ झाले. सरदार या अर्थाच्या ‘नाइट’ शब्दाशी त्याचे नाते नाही.

त्याचा पहिला अर्थ, मुक्काम गाठण्यापूर्वीच रात्र होणे. नांदेड जिल्ह्यातील लोह्याहून लातूर जिल्ह्यातील अहमदपूरकडे पायी निघालेल्या वाटसरूस माळाकोळीपाशी अंधाराने गाठले, तर तो ‘बिनाइटेड’ झाला. हे क्रियापद बहुधा असे कर्मणी रूपातच येते. गिर्यारोहकांच्या बोलीत हा अर्थ अद्याप टिकून आहे. दुसरा अर्थ झाकोळून टाकणे, तर तिसरा, लाक्षणिक अर्थ अज्ञानाच्या अंधारात लोटणे.

आज प्रचारात उरले आहे ते ‘बिनाइटेड’ हे विशेषण. अर्थ ‘अज्ञानी, मागासलेला’. पुढे कलकत्त्याचे बिशप झालेल्या रेजिनाल्ड हेबर यांनी १८१९ मध्ये रचलेल्या धर्मप्रसारपर स्तोत्रात परधर्मीयांना हेच विशेषण लावले आहे. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशातही त्याची स्वतंत्र नोंद आहे. इतर इलाख्यांतील इंग्रज मद्रास इलाख्याला थट्टेने ‘बिनाइटेड’ म्हणत.

मराठीत याला नेमका एकशब्दी पर्याय नाही. ‘अंधारणे’ हे अकर्मक आहे : आभाळ अंधारते, डोळ्यांपुढे अंधारते, कोणी कोणाला अंधारत नाही. म्हणून पहिल्या अर्थासाठी ‘वाटेत रात्र होणे’ आणि तिसऱ्यासाठी ‘अज्ञानात ठेवणे’ असेच म्हणावे लागते.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. क्रियापदात अंधार बाहेरून येतो. विशेषणात तो माणसाचा अंगभूत दोष ठरतो. मराठवाड्याला लावल्या जाणाऱ्या ‘मागास’ या शब्दाचेही असेच झाले आहे. निजामी राजवटीत, १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी मुलांना उच्च शिक्षण मातृभाषेतून मिळत नव्हते. १९४८ मध्ये ती राजवट संपली आणि १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. पुढे लातूर तर शिक्षणाच्या ‘पॅटर्न’साठीच राज्यभर ओळखले जाऊ लागले. तेव्हा या प्रदेशाच्या इतिहासाला ‘बिनाइटेड’ हा शब्द लावायचाच असेल, तर तो वाटसरूच्या अर्थाने लावणे अधिक न्याय्य ठरेल.