विज्ञानकथांतील अंतराळप्रवासाचे भौतिकशास्त्र

विज्ञानकथांतील अंतराळप्रवासाचे भौतिकशास्त्र म्हणजे प्रकाशाहून जलद प्रवास, कृमिविवर यांसारख्या कल्पनांची भौतिक नियमांच्या आधारे केलेली चिकित्सा होय. यांतील अनेक कल्पना अवकाशकालाच्या वक्रतेवर आधारलेल्या आहेत. या वक्रतेच्या लहरी मोजणारी लायगो-इंडिया वेधशाळा मराठवाड्यात, नांदेडलगतच्या हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात नियोजित आहे.

अंतर आणि वेग

सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, सुमारे ४.२ प्रकाशवर्षे दूर आहे. सेकंदाला सुमारे १७ किमी वेगाने जाणाऱ्या व्हॉयेजर १ यानाच्या गतीने हे अंतर कापण्यास सुमारे ७५ हजार वर्षे लागतील. विशेष सापेक्षता सिद्धांतानुसार (१९०५) वस्तुमान असलेल्या वस्तूला प्रकाशाचा वेग गाठता येत नाही.

कालविस्फारण

प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने जाणाऱ्या यानातील काळ पृथ्वीच्या तुलनेत सुमारे सातपट मंद चालेल. वरील प्रवासास पृथ्वीवरील घड्याळानुसार ४.३ वर्षे, तर प्रवाशांना सुमारे सात महिने लागतील. तीव्र गुरुत्वाकर्षणानेही काळ मंदावतो. कृष्णविवराजवळ हा परिणाम प्रचंड असतो. जयंत नारळीकर यांच्या ‘कृष्णविवर’ या कथेला १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत प्रथम पारितोषिक मिळाले; ती त्यांनी टोपणनावाने पाठवली होती.

कृमिविवर व वार्प ड्राइव्ह

दोन दूरस्थ ठिकाणांना जोडणाऱ्या कृमिविवराचे गणित आइन्स्टाइन व रोझेन यांनी १९३५ मध्ये मांडले. प्रवासयोग्य कृमिविवराचा विचार मॉरिस व थॉर्न यांनी १९८८ मध्ये केला. यानापुढचे अवकाश आकुंचित व मागचे प्रसरित करण्याची कल्पना अल्क्युबिएरे यांनी १९९४ मध्ये गणिताने मांडली. या दोन्हींसाठी ऋण ऊर्जा घनतेचे द्रव्य लागते. असे द्रव्य आढळलेले नाही.

प्रत्यक्ष मापन

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी गुरुत्वीय लहरी प्रथमच नोंदवल्या. दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणात सुमारे तीन सूर्यांच्या वस्तुमानाइतकी ऊर्जा उत्सर्जित झाली. तरीही सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर, पृथ्वीवर, चार किमी लांबीच्या भुजांत घडलेला बदल प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पटींनी लहान होता.

भारतीय प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. तेथेही भुजा चार किमी लांब असतील. अमेरिकेपासून दूर असलेल्या या केंद्रामुळे लहरींच्या उगमाची दिशा अधिक अचूक ठरवता येईल. हिंगोली जिल्हा नांदेड, लातूर व परभणी या जिल्ह्यांसह नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो.