पवईचा करार आणि आपली फाइल

मुंबईत इमारतीचा पाया खणण्याआधी कागदांवर सह्या होतात. बिल्डर नियोजन प्राधिकरणाला लिहून देतो : एवढी मोकळी जागा सोडीन, एवढा रस्ता देईन, अमुक आकाराचीच घरं बांधीन. त्या बदल्यात परवानगी मिळते. फ्लॅट घेताना हे कागद आपल्याला सहसा कोणी दाखवत नाही, आणि खरं सांगायचं तर आपणही मागत नाही. म्हणून पवईचा इतिहास प्रत्येक सभासदाने वाचण्यासारखा आहे.

१९७६ साली नागरी कमाल जमीन धारणा कायदा आला. मुंबईत ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन एका मालकाला ठेवता येईना. जादा जमिनीवर सामान्यांची घरं व्हावीत, हा हेतू. पुढे १९८६ मध्ये राज्य सरकार, बीएमआरडीए (आजची एमएमआरडीए) आणि जमीनमालकांच्या बाजूने विकासक असा त्रिपक्षीय करार झाला. पवईची सुमारे २३० एकर जमीन ८० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली गेली, दर हेक्टरी फक्त १ रुपया! एवढ्या सवलतीमागे अट होती : निम्मी घरं ४० आणि निम्मी ८० चौरस मीटरची हवीत. ४० चौरस मीटर म्हणजे साधारण ४३० चौरस फूट; नोकरदार कुटुंबाला परवडेल असं घर.

प्रत्यक्षात शेजारशेजारचे फ्लॅट जोडून मोठी, महागडी घरं झाली. सुंदर वसाहत उभी राहिली, पण ज्यांच्यासाठी जमीन दिली ते बाहेरच राहिले. शेवटी काही जागरूक नागरिकांनी जुना करार वाचून जनहित याचिका केल्या. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की आधी करारातली छोटी घरं बांधा, मग बाकीचं बांधकाम. सहीला तेव्हा पंचवीस वर्षं उलटून गेली होती!

करार सरकारी असला तरी तो पाळला जातो की नाही, हे कोणीतरी विचारावं लागतं. आपली सोसायटीही आता पंचवीस वर्षांची झाली. पुनर्विकासाचा विषय आज ना उद्या सभेत येईलच. त्याआधी मंजूर नकाशा, ओसी, कन्व्हेयन्स आणि बिल्डरने पालिकेला दिलेली हमीपत्रं एका फायलीत असू द्या. नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करून पालिकेकडून प्रती मागता येतात. आणि फाइल कमिटीच्या कपाटातच राहू नये. सभासदांनी ती उघडून वाचावी.