आप्ताचे यकृत

यकृताच्या असाध्य विकाराने खंगत चाललेल्या माणसाच्या उशाशी बसणाऱ्या आप्तांना शुश्रूषा, पथ्य आणि प्रार्थना यांपलीकडे करण्याजोगे शतकानुशतके काही नव्हते. आणि १९६३ साली डेन्व्हर येथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी केलेल्या पहिल्या यकृतरोपणात बालरुग्ण शस्त्रक्रियेतच दगावल्यावर तर, चार वर्षांनी त्यांच्याच हातून एक बालिका वर्षाहून अधिक जगेपर्यंत, यकृतरोपणाची आशा व्यर्थच भासावी. परंतु कापलेले यकृत पुन्हा वाढते, या निसर्गाच्या औदार्यावर विसंबून १९८९ साली ब्रिस्बेन येथे एका जपानी मातेच्या यकृताचा अंश तिच्या लेकराच्या देहात रुजवला गेला, आणि उशाशी बसणारे माणूसच दाता झाले. हे स्थित्यंतर मला औषधांच्या शोधाहूनही थोर वाटते. आपल्याकडे महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश यांच्या विधिमंडळांच्या ठरावांवरून १९९४चा अवयव प्रत्यारोपण कायदा मंजूर झाला. त्याच्या रुक्ष कलमात निकटचे नातलग म्हणून पती-पत्नी, पुत्र, कन्या, माता, पिता, बंधू, भगिनी अशी नोंद वाचताना मन भरून येते. आजी-आजोबा आणि नातवंडे यांचा समावेश २०११च्या दुरुस्तीने झाला.